एका रात्रीचा खेळ आणि तीन महिन्यांचा संघ

1 मार्च 2024 रोजी हैदराबादच्या गच्चीबोवली इनडोअर स्टेडियममध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवले आणि प्रो कबड्डी लीगचे विजेतेपद पहिल्यांदा पुण्याकडे आले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तीन गुणांनी जिंकलेला हाच सामना होता. पण त्या संघाची खरी कमाई दुसऱ्याच एका आकड्यात होती. साखळीतल्या 22 सामन्यांत पलटणने 96 गुण मिळवले होते. 17 विजय, 3 बरोबरी आणि फक्त 2 पराभव. हे 96 गुण कसे जमले, हे समजून घेतले की व्यावसायिक संघाचा हंगाम म्हणजे काय चीज असते ते कळते. शिराळा, वाळवा, पलूस या पट्ट्यातल्या वाचकाने तर ते मुद्दाम समजून घ्यावे, कारण आपल्याकडचा खेळ अगदी वेगळ्या मुशीत घडला आहे.

आपला भाग मूळचा कुस्तीचा. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 मध्ये हिंदकेसरी झाले, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि 1964 मध्ये ते टोकियो ऑलिम्पिकला गेले. पैलवान वर्षभर जोर-बैठका काढतो, खुराक खातो, पण यात्रेच्या फडात त्याचा न्याय एका कुस्तीत होतो. पाठ लागली की संपले. कबड्डीच्या स्पर्धाही आपण त्याच रीतीने भरवत आलो. गावच्या यात्रेत किंवा एखाद्या मंडळाच्या वर्धापनदिनाला मैदान आखायचे, दिवे लावायचे, पंचक्रोशीतल्या संघांना बोलवायचे आणि बाद पद्धतीने खेळवत पहाटेपर्यंत चषकाचा मालक ठरवायचा. पहिल्याच सामन्यात हरलेला संघ जेवण करून घरी जातो. ज्याला हमखास गुण आणणारा एक चढाईपटू मिळाला, त्याचे निम्मे काम झाले. म्हणून खुल्या गटात बाहेरून एखादा तगडा खेळाडू आणण्याची चढाओढ लागते. एका रात्रीपुरता हा हिशेब चुकीचाही नसतो.

तीन महिन्यांच्या हंगामात मात्र तो चालत नाही.

सातारी नियमांपासून मॅटपर्यंत

कबड्डीला नियमांची शिस्त लागली ती याच मुलखात. हुतूतूचे संजीवनी, गनिमी, अमर असे निरनिराळे प्रकार गावोगाव खेळले जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत साताऱ्यातल्या क्रीडाप्रेमींनी त्यांना एकत्र बांधण्याचा प्रयत्न केला. तेव्हा शिराळाही सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. संजीवनी प्रकारातला, प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होण्याचा नियम आजही खेळाच्या मुळाशी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला.

माती सोडून मॅटवर आलेली कबड्डी टीव्हीवरून घरोघर गेली ती 26 जुलै 2014 रोजी, प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा. सुरुवातीला आठ संघ होते, 2017 पासून बारा झाले. सांगली जिल्ह्याचा त्यात पहिल्यापासून वाटा आहे. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके दिल्लीकडून खेळत दुसऱ्या हंगामाचा सर्वोत्तम चढाईपटू ठरला. सांगलीचा नितीन मदने 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. म्हणजे अव्वल खेळाडू आपल्या भागाने दिले. हंगामभर टिकणारा संघ कसा बांधतात, हा धडा मात्र पुण्याकडून घ्यावा लागतो.

गुणतालिकेचे गणित

2023-24 च्या हंगामात बारा संघ होते. प्रत्येकाने उरलेल्या अकरा संघांशी दोन-दोनदा खेळायचे, म्हणजे प्रत्येकाचे 22 सामने. 2 डिसेंबर 2023 रोजी अहमदाबादला सुरुवात झाली. मग बंगळूर, पुणे, चेन्नई, नोएडा, मुंबई, जयपूर, हैदराबाद, पाटणा, दिल्ली, कोलकाता आणि पंचकुला असा बारा शहरांचा फेरा झाला. दर आठवड्याला नवे शहर, नवे हॉटेल, नवे हवामान. डिसेंबरच्या चेन्नईतला दमटपणा आणि नोएडाची थंडी एकाच पंधरवड्यात सोसायची.

त्या हंगामात विजयाला 5 गुण होते आणि बरोबरीला प्रत्येकी 3. हरलेल्या संघालाही, सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरला असेल तर, 1 गुण मिळत असे. हा शेवटचा नियम खेळाची चालच बदलतो. बाद पद्धतीत एका गुणाने हरलेला आणि तीस गुणांनी हरलेला सारखेच घरी जातात. साखळीत अकरा गुणांनी मागे पडलेला संघ शेवटच्या तीन मिनिटांतही हातपाय गाळत नाही, कारण फरक सातवर आणला तरी पदरात काही पडते. पुढे असलेल्या संघालाही सैल सुटता येत नाही.

आता पलटणचे 96 गुण मांडून पाहू. 17 विजयांचे 85, तीन बरोबरींचे 9, झाले 94. उरलेले 2 गुण आले दोन पराभवांतून. म्हणजे पलटण हरली त्या दोन्ही वेळा सातपेक्षा जास्त गुणांनी हरली नाही. तीन महिन्यांत एकाही संघाला तिची धूळधाण उडवता आली नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्या जयपूर पिंक पँथर्सचे 92 गुण होते. तेही तसेच चिवट निघाले. 16 विजय, 3 बरोबरी, 3 पराभव आणि तिन्ही पराभवांतून एकेक गुण. साखळीच्या तालिकेत वर राहणाऱ्याला दिमाखात जिंकण्याइतकेच थोडक्यात हरणेही जमावे लागते.

पहिले सहा संघ पुढे जात. त्यातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, बाकीच्या चौघांना आधी एक बाद सामना. म्हणजे साखळीतल्या मेहनतीचे बक्षीस होते एक सामना कमी खेळण्याचे. तीन महिन्यांच्या दगदगीनंतर ते लहान नव्हते.

पाच कोटींत सात गडी

व्यावसायिक संघाचा हंगाम मैदानाबाहेर, लिलावात सुरू होतो. त्या वर्षीचा लिलाव 9 आणि 10 ऑक्टोबरला मुंबईत झाला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती 5 कोटी रुपये. मालक कितीही धनवान असला तरी याहून जास्त खर्च करायचा नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, त्या शिरस्त्राण घालून धडका देण्याच्या खेळात, हेच तत्त्व फार जुने आहे. तिथल्या राष्ट्रीय लीगमध्ये 32 संघ आहेत, पगारावर कमाल मर्यादा आहे आणि नवोदित खेळाडू निवडताना आदल्या वर्षी सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिला हक्क मिळतो. बलवान संघ कायमचा बलवान राहू नये आणि तळाच्या संघाच्या प्रेक्षकालाही पुढच्या वर्षी आशा वाटावी, एवढाच त्यामागचा हेतू. अशी मर्यादा आली की पैशाने संघ विकत घेता येत नाही, डोक्याने बांधावा लागतो.

त्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपयांना घेतले. तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती आणि मर्यादेतली निम्म्याहून अधिक रक्कम एका खेळाडूवर गेली. पवन खरोखरच मोठा चढाईपटू आहे. पण हंगाम संपला तेव्हा टायटन्स 22 पैकी फक्त 2 सामने जिंकून तळाला होते.

यावरून महागडा खेळाडू घेऊच नये असा निष्कर्ष काढला तर तो मात्र चुकेल. कारण पुण्यानेही इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी 2 कोटी 35 लाख मोजले होते. दोघांनी जवळपास सारखेच पैसे एकेका खेळाडूवर टाकले आणि एक संघ पहिला आला, दुसरा शेवटचा. फरक होता तो बाकीच्या सहा जागांवर कोण उभे आहे याचा.

पलटणने त्या सहा जागा लिलावात भरल्या नव्हत्या, आधीची तीन-चार वर्षे भरत आणल्या होत्या. पंकज मोहिते 2019 मध्ये या संघात आला. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत 2021-22 च्या हंगामात पहिल्यांदा खेळले. नाशिकचा आकाश शिंदे, बचावातले संकेत सावंत, गौरव खत्री आणि तमिळनाडूचा अबिनेश नादराजन यांनाही संघाने जपले. ही मुले नवखी होती तेव्हा त्यांच्यावर मोठा पैसा लागला नाही. त्यांना राखून ठेवल्यामुळेच पुढे शादलुईसारख्या खेळाडूवर मोठी बोली लावण्याची ऐपत उरली. शिवाय ‘युवा पलटण’ या नावाने पुढच्या फळीची तयारी चालू होती.

या मुलांचा चढता आलेख पाहण्यासारखा आहे. 2021-22 मध्ये संघ पहिल्या सहांत आला आणि तिथेच बाद झाला. 2022 मध्ये अंतिम फेरीत पोहोचला, पण मुंबईत जयपूरकडून 33-29 असा हरला. तेव्हाचा कर्णधार इराणचा फझल अत्राचली होता. तो पुढच्या वर्षी गुजरातकडे गेला आणि कर्णधारपद तरुण अस्लमकडे आले. प्रशिक्षक बी. सी. रमेश कायम राहिले. 2019 मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून देणारे रमेश दुखापती, थकवा आणि तरुणांचा उतावळेपणा या तिन्हींचा हिशेब ठेवून संघ फिरवत राहिले.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात सुवर्णपदकाचा सामना झाला. नियमांच्या वादामुळे तो बराच वेळ थांबला आणि शेवटी भारताने जिंकला. भारतीय संघात अस्लम आणि आकाश होते, समोर शादलुई होता. दोनच दिवसांनी लिलाव सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये हे तिघे एकाच रंगाची जर्सी घालून उतरले.

चढाई चौघांची, बचाव सातांचा

आता मैदानात येऊ. सामना 40 मिनिटांचा, चढाई 30 सेकंदांची. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे बंधन असते, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यावा लागतो. दोन्हीकडे नियमाचे काम एकच, नुसते वेळ काढणे अशक्य करणे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो. मराठी समालोचक तिला अव्वल पकड म्हणतात. सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण वेगळे.

या नियमांमुळे खेळाडूने मैदानात असण्याला किंमत येते. तुमचा एकच चढाईपटू असेल आणि तो बाद होऊन बाहेर बसला, तर त्याला जिवंत करेपर्यंत संघ लुळा पडतो. प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याला बाहेर ठेवण्याचाच डाव टाकतात. 22 सामन्यांत प्रत्येक प्रशिक्षक तुमच्या एकुलत्या एक नायकाच्या चित्रफिती बघून आलेला असतो. तो बोनसला कुठल्या पायाने जातो, उडी कोणत्या बाजूला मारतो, हे सगळे दुसऱ्या महिन्यात सर्वांना पाठ झालेले असते.

पुण्याकडे पाठ करायला एक खेळाडू नव्हता, चौघे होते. अस्लम, मोहित, पंकज आणि आकाश. त्या हंगामात सर्वोत्तम चढाईपटू ठरलेल्या दिल्लीच्या आशू मलिकने चढाईत 276 गुण मिळवले. त्या यादीत पहिल्या पाचांत पुण्याचा कोणीही नव्हता. तरी हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू अस्लम ठरला. चढाईतले गुण, वेळेला केलेली पकड आणि कर्णधारपद असे तिहेरी काम त्याने केले. बचावात शादलुईने 99 गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटूचा मान घेतला. पण बचाव एकट्याचा कधीच नसतो. कोपऱ्यातल्या गड्याने पाय धरला आणि मधल्याने साखळी करून मागून रेटले नाही, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषा गाठतो. गौरव, अबिनेश, संकेत हे बरोबर असल्यामुळे शादलुईला धाडस परवडत होते.

याची उलटी बाजू आदल्या वर्षी तमिळ थलैवाजने दाखवली होती. 2022 मध्ये त्यांनी याच पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावल्याने तो हंगामभर बाहेर गेला. संघ बुडेल असे सगळ्यांना वाटले. पण नरेंदर या नवख्या मुलाने चढाईची जबाबदारी उचलली आणि थलैवाज पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचले. नायक गेला आणि संघाला आपल्याच बाकावरचे बळ सापडले.

शेवटचा सामना पुन्हा एका रात्रीचा

साखळी कितीही न्यायी असली तरी शेवट बाद पद्धतीनेच होतो आणि तिथे जुनी गावठी अनिश्चितता परत येते. 92 गुणांच्या जयपूरला पाचव्या क्रमांकाच्या हरियाणाने उपांत्य फेरीत हरवले. अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने 2007 च्या हंगामात साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकले, बाद फेरीतले आणखी दोन जिंकले आणि अंतिम सामना न्यूयॉर्क जायंट्सकडून 17-14 असा गमावला. एकही सामना न हरता विजेता होण्याचा 1972 च्या मायामी डॉल्फिन्सचा मान तिथे आजही दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही.

पुण्याने उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सला 37-21 असे लोळवले. अंतिम सामना मात्र अडखळत चालला. दोन्ही बचाव घट्ट, गुण तोलूनमापून. पहिल्या सत्राच्या अखेरीस पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले आणि मध्यंतराला पुणे 13-10 असे पुढे गेले. तेवढ्याच तीन गुणांनी सामना संपला. पंकजचे त्या सामन्यात 9 गुण होते. हंगामाचा मानकरी कर्णधार, बोली महाग बचावपटूची आणि शेवटच्या रात्री उभा राहिला तिसराच. बक्षिसाचे 3 कोटी रुपये ज्या संघरचनेला मिळाले, तिचे वर्णन एवढेच.

पुढचे वर्षही सांगायला हवे, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल. 2024 च्या लिलावात शादलुई हरियाणाकडे गेला. हंगामाच्या मध्यात अस्लम दुखापतीने बाहेर पडला. गतविजेती पलटण पहिल्या सहांतही आली नाही आणि 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणाने चषक उचलला. मर्यादा, लिलाव आणि लांबलचक साखळी या तिन्हींचा हाच परिणाम अपेक्षित असतो. पलटण 2025 मध्ये पुन्हा अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, याचे श्रेय मुले घडवण्याच्या सवयीला द्यावे लागते.

शिराळ्यात काय करता येईल

आपल्याकडे खेळाडूंची वानवा नाही. भातलावणी आणि उसाच्या कामांतून वेळ काढून सराव करणारी मुले वारणा आणि मोरणा काठच्या गावोगावी आहेत. वानवा आहे ती त्यांना पुरेसे सामने मिळण्याची. बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ आले तर आठ संघ एकच सामना खेळून परततात. सोळा वर्षांचा मुलगा तासभर प्रवास करून येतो, दोनदा चढाईला जातो, बाद होतो आणि पुढच्या यात्रेची वाट बघतो. चुका दुरुस्त करायला त्याला दुसरी संधी मिळत नाही. बाकावरच्या मुलाला तर पहिलीही मिळत नाही.

शिराळा, मांगले, सागाव, कोकरूड, चरण आणि आरळा अशा सहा गावांचे सहा संघ घेतले आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी एकदा खेळवले, तर पंधरा सामने होतात. दर शनिवारी तीन सामने लावले की पाच शनिवारांत साखळी पूर्ण होते आणि सहाव्या शनिवारी अंतिम सामना. प्रत्येक संघाला किमान पाच सामने मिळतात. थोडक्यात हरणाऱ्याला एक गुण ठेवावा, म्हणजे शेवटच्या मिनिटापर्यंत चुरस राहील. बाहेरून खेळाडू आणण्यावर एकाचीच मर्यादा घालावी आणि प्रत्येक सामन्यात अठरा वर्षांखालची दोन मुले उतरवण्याची अट असावी. खर्च एका रात्रीच्या मोठ्या स्पर्धेपेक्षा फार वाढणार नाही, कारण मैदान, दिवे आणि पंच यांच्याखेरीज लागते ते फक्त वेळापत्रक आणि ते पाळण्याची जिद्द.

यात्रेतली रात्रीची स्पर्धा बंद करा असे कोणी म्हणणार नाही. तिची रंगत वेगळीच आहे. पण यंदा दिवाळीनंतर मंडळांच्या बैठका बसतील, तेव्हा चषकाच्या उंचीवर आणि पहिल्या बक्षिसाच्या रकमेवर वाद घालण्याआधी एक साखळी भरवण्याचा ठराव करावा. संघ बांधायला सामने लागतात आणि ते भरवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.